धा मिन्टाचं काम

मशीन बिघडलं, असा शब्द आण्णांसमोर काढायचा नाही. "बिघडल्यालं न्हाई ओ. जरा कंडेन्सर कमी पडायलाय, एवढंच." ड्रायर किंचाळत असेल तर "बुश खाल्लंय". खालून पाणी येत असेल तर "रबर वाळलंय". आणि काहीच हलत नसेल तर, "काय न्हाई, धा मिन्टाचं काम हाय." हे ऐकलं की काकी निमूट बादली आणि साबणाची वडी काढतात. अशाच एका दहा मिनिटांत नागपंचमी होऊन गणपती बसले होते.

कोल्हापूरकडच्या मुरगुडात असे आण्णा गल्लोगल्ली आहेत. कुणाला तात्या म्हणतात, कुणाला बापू. साठी ओलांडलेली, नोकरी साखर कारखान्यात, एसटीत नाहीतर शाळेत झालेली, शर्टच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. घरात नव्वदीतलं सेमी-ऑटोमॅटिक मशीन, सोसायटीचं कर्ज काढून घेतलेलं. डावीकडे धुण्याचा टब, उजवीकडे ड्रायर. पत्रा गंजू नये म्हणून खाली लोखंडी स्टँड घातला, तो आधी गंजला. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलंय आणि ते असायचं कारणही उरलेलं नाही, कारण आतलं निम्मं सामान आता कंपनीचं नाही.

ड्रायरची मोटर जळाली तेव्हा आण्णा ती पिशवीत घालून मोटरी भरणाऱ्याकडे गेले. तिथं उसाला पाणी पाजणाऱ्या पंपांच्या मोटरी रांगेत. भरणाऱ्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "आण्णा, ही मिक्सरची का?" पण भरून दिली. बुश कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर घडवून आणलं. बेल्ट मुरगुडात मिळेना, तर निपाणी गाठली. एका बेल्टसाठी माणूस महाराष्ट्र ओलांडून कर्नाटकात जातो, आणि बेल्ट अर्धा इंच मोठा निघाला तर चिडत नाही. "मोटर मागं सरकवून घेऊया की!" मोटरच्या नटांना तेवढी जागा असते, हे खरं आहे. पण ते सांगताना आण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो नातवाचा निकाल ऐकतानाही दिसला नव्हता.

कंडेन्सर हा त्यांचा आवडता विषय. चहाचा कप हातात आला की सुरू होतात. घरगुती सिंगल फेजची मोटर आपण होऊन सुटत नाही, तिला सुरुवातीला ढकलायला कंडेन्सर लागतो. तो कमजोर झाला की मोटर नुसती घूं घूं करते, आणि तशीच ठेवली तर जळते. मग आण्णा ड्रायरच्या टोपल्याला हातानं एक गिरकी देतात, की ते पळायला लागतं. "ज्या अंगाला ढकलाल त्या अंगाला फिरतंय बघा! बिचाऱ्याला स्वतःची दिशाच न्हाई." इथं ते थोडं थांबतात आणि जावयाकडं बघतात.

एरवी ड्रायरवाचून कुणाचं अडत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेलं धोतर कोपऱ्यापर्यंत जाऊन येईतो वाळतं. ड्रायर लागतो तो जुलै-ऑगस्टात, राधानगरीकडून पाऊस आत शिरतो, वेदगंगा पात्राबाहेर येते आणि घरभर दोऱ्यांवर कुबट वासाचे कपडे लोंबकळतात तेव्हा. तो बंदही नेमका तेव्हाच पडतो. याला आण्णा दैव म्हणत नाहीत. टोपल्याखालच्या रबरी सीलला वर्षानुवर्षांच्या चिरा पडलेल्या, पावसाळ्यात फेऱ्या वाढल्या की तिथून पाणी झिरपून खालच्या मोटरीवर पडतं, बुश गंजतं आणि धरतं. कारण त्यांना पाठ आहे. तरी सील बदलायचं उन्हाळ्यात सुचत नाही. "चालू मशीनला हात लावायचा नसतोय." हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नाही, पण कोण बोलणार?

ड्रायरचा पाच मिनिटांचा टायमर गेला तेव्हा आण्णांनी वायर थेट बटणाला जोडली. आता वेळ काकी कुकरवर मोजतात: तीन शिट्ट्या झाल्या की बटण बंद. डाळही शिजते, धुणंही पिळून निघतं. झाकण उघडल्यावर ब्रेक लागायचा, तोही आता लागत नाही. फिरत्या टोपल्यात कुणी हात घातला तर मनगट जाईल, असं मी एकदा जरा आवाज चढवूनच सांगितलं. आण्णांनी गंभीरपणे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी झाकणावर तांबड्या रंगानं लिहिलं, "थांबा". काकींचं म्हणणं एकच, "त्यापरास नदीवर जाऊन आपटून येतो की मी! निदान तिथं चार बायका तरी भेटत्यात."

2018 साली व्हिडिओकॉनचं प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेल्याची बातमी आली. मराठवाड्यातून उभी राहिलेली, घराघरात पोचलेली कंपनी. आण्णांचं मशीन त्या कंपनीचं नव्हे, तरी त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. "आता त्यांचं स्पेअर कोण काढणार?" एवढंच म्हणाले.

पुण्याच्या पुतण्याकडं पुढून दार उघडणारं नवं मशीन आहे. ते बंद पडल्यावर आण्णांना फोन आला. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, डोळ्यांत दिवाळी. पडद्यावर दोन अक्षरं आली होती आणि फिटर म्हणत होता, "बोर्ड बदलावा लागतोय." वर बोर्डाची जी किंमत सांगितली, तीत आण्णांचं अख्खं मशीन दोनदा भरून झालं असतं. याच पुतण्यानं सांगितलं की, डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलंय, कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्ट्या भागांची माहिती तिथं द्यायची. आण्णा म्हणाले, "हक्क आमाला हाईच की. तेंनी पार्ट द्यावं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आण्णांचं मशीन वीज खातं, पाणी सांडतं, काकींचं आयुष्य खातं. पण चार स्क्रू काढले की त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसतं आणि गावातल्याच कुणाच्या तरी हातून ते बरं होतं. आजकालच्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

तर, आपल्या घरात नव्वदीतलं दोन टबांचं मशीन अडगळीत पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कळवा. आण्णांना उजव्या बाजूचा, पाच मिनिटांचा टायमर पाहिजे. काढून न्यायला ते स्वतः येतील. धा मिन्टाचं काम आहे म्हणतात. तुम्ही जेवणाची तयारी ठेवा.