बिऱ्हाडामागून गाव

दुर्गम खाणगावी सहकुटुंब बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्याने शाळा, दवाखाना आणि बाजार यांची चौकशी करावी, हा रूढ सल्ला उत्तर स्वीडनमधील किरुना येथे अपुरा पडतो. कारण खालचे लोहखनिज काढल्यावर वरची जमीन हळूहळू खचते, ज्यास अवतलन म्हणतात, आणि त्यामुळे तेथे बिऱ्हाडामागून गावच हलते. २००४ मध्ये सरकारी मालकीच्या खाण कंपनीने ही वार्ता कळवल्यानंतर गाव पूर्वेकडे निघाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचे भव्य लाकडी चर्चही, बहुधा सामान बांधण्याचा त्रास नको म्हणून, अखंडच चाकांवर चढून सुमारे पाच किलोमीटर गेले. ऐन हिवाळ्यात तेथे काही आठवडे सूर्य उगवत नाही, याबद्दल मात्र नवागताने तक्रार करू नये. तो निदान पंचांगाप्रमाणे परततो.