मोठ्या साहेबांचे कोच कसे व्हावे

सर्वप्रथम व्हीआरएस घ्यावी. मग दुसऱ्याच दिवशी लिंक्डइनवर नावापुढे 'एक्झिक्युटिव्ह कोच' असं लिहावं. याला कोणाची परवानगी लागत नाही. हिंजवडीत चहाची टपरी टाकायला याहून जास्त कागद लागतात.

सर्टिफिकेट हवंच असेल, तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन आहे. तिची पहिली पायरी एसीसी: किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग. त्या शंभरातले ७५ तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात. उरलेल्या २५ तासांसाठी मेहुणा असतो. पुढच्या पीसीसीला ५०० तास लागतात आणि एमसीसीला २,५००. एवढे मेहुणे कोणालाच नसतात.

तेव्हा गिऱ्हाईक शोधणं आलं. जाहिरातीच्या फंदात पडू नये. कात्रज चौकातला फ्लेक्स वाचून कुठलाही व्हाइस प्रेसिडेंट मन मोकळं करायला येत नाही. 'एकदा यांना भेटून तर बघ' असं कोणीतरी म्हणावं लागतं. घोडं अडतं ते इथेच. ज्याला तुमचा गुण आला, तो ते चारचौघांत बोलत नाही. 'मी मीटिंगमध्ये लोकांवर खेकसायचो, या कोचमुळे आता कमी खेकसतो,' असं सांगणारा साहेब अजून जन्माला यायचाय. तुम्हीही त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण गोपनीयतेचं बंधन. 'चाकणच्या एका ऑटो कंपनीतले एक वरिष्ठ' इतकंही म्हणू नये. तेवढ्यावरून चाकणमधले लोक केबिनचा मजलासुद्धा सांगतात.

मग रेफरन्स आणायचे कुठून? बीएनआयसारख्या ग्रुपमध्ये जाता येतं. तिथे एका चॅप्टरमध्ये एका धंद्याचा एकच सभासद असतो. त्यामुळे भल्या पहाटेच्या त्या मीटिंगमध्ये कोच म्हणून तुम्ही बिनविरोध निवडून येता. तिथले टाइल्सवाले काका दुकानात न बसणारा मुलगा पाठवतील. तो एक्झिक्युटिव्ह नाही, पण काका फी देतात, म्हणजे ७५ तासांत धरावा.

खरा माल मात्र जुन्या, धूळ खात पडलेल्या ओळखींत असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं, की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्यांकडून जास्त येते. जिवलगांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून त्यांना पाजण्यात पैसे घालवू नयेत. नोकरी बदलून दुसरीकडे गेलेला जुना सहकारी गाठावा.

"काय रे, सहज आठवण आली म्हणून फोन केला."

"बोल, काय काम आहे?"

"काही नाही रे, असंच."

"मुलीच्या ॲडमिशनचं आहे का?"

इथे डगमगू नये. 'कोणाला कोच हवा असेल तर सांग' असं मात्र चुकूनही म्हणू नये. 'हो, सांगतो' म्हणून तो फोन ठेवेल आणि विसरेल. त्याऐवजी विचारावं, "तुमच्याकडे एवढ्यात कोणी प्लांट हेड झालंय का?" नाव लगेच तोंडावर येतं. नवी खुर्ची मिळालेला माणूस पहिले सहा महिने घाबरलेला असतो आणि ते तो बायकोलाही सांगत नाही. त्याच्या एचआर मॅडमना तुमच्याविषयी चार ओळी पाठवायला मित्राला सांगावं. त्या चार ओळी तुम्हीच लिहून द्याव्यात. मित्र आळशी असतात.

मॅडम साहेबांना दोन-तीन कोच दाखवतात. याला केमिस्ट्री मीटिंग म्हणतात. आपल्याकडे याचे कांदेपोहे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. 'कळवतो' याचा अर्थही तोच. नकार आला तर निवडलेल्या कोचचं मॅडमजवळ मनापासून कौतुक करावं. हे जड जातं, पण पुढच्या वेळी यादीत पहिलं नाव तुमचं येतं. तुमच्या आवाक्याबाहेरची केस दुसऱ्या कोचकडे पाठवावी. त्याबद्दल कमिशन घेतलं, तर ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, असा फेडरेशनचा नियम आहे. त्यामुळे कमिशनचा मोह आपोआप आवरतो.

काम मिळालं की महिनाभरात साहेबांचे साहेब कॉफीला बोलावतात आणि विचारतात, "काय म्हणतो तो माझ्याबद्दल?" हीच तुमची परीक्षा. ठरलेली उद्दिष्टं कोणती आणि बैठका किती झाल्या, एवढंच सांगावं. बाकी कॉफीची तारीफ करावी. ते चिडतात. पण याच्या पोटातून काही बाहेर पडत नाही, ही खात्री पटलेला तोच एक माणूस असतो, आणि पोटात ठेवण्यासारखं त्याच्याकडेही बरंच असतं. जाहिरात म्हणतात ती हीच.

राहता राहिलं बिल. व्हेंडर कोड मिळेपर्यंत धीर धरावा. त्यानंतर १० टक्के टीडीएस कापला जातो. उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, अकाउंट्सवाले म्हणत नाहीत. त्यासाठी एचआर मॅडमच्या मागे तगादा लावू नये, त्यांच्याकडून अजून बरंच यायचंय. भाचीला अकाउंट्सला फोन लावायला सांगावा आणि 'सरांच्या ऑफिसमधून बोलतेय' असं म्हणायला सांगावं. फोन लावण्याआधी कुकर बंद करावा.