मावशी, तुम्ही तर घरच्याच

८ मार्चला, महिला दिनी, शाळेत सगळ्यात जास्त काम कुणाला असतं? अर्थातच बाईंना. रांगोळी त्यांची, फलकलेखन त्यांचं, मुलींचं स्वागतगीत बसवणंही त्यांच्याचकडे. व्यासपीठावर मात्र मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई घरी आहेत. त्यांच्या सत्काराची शाल यजमानच स्वीकारतील. निवडणुकीपासून तेच चाललंय.

भाषण ठरलेलं: १८४८, भिडेवाडा, शेण, दगड, सावित्रीबाई. त्यांच्या सहकारी फातिमा शेख वेळेअभावी गळतात. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून धर्माच्या ठेकेदारांना खडे प्रश्न विचारले होते, हे तर कुणी सांगतच नाही. बरंच आहे म्हणा. समोर बसलेल्या पोरींनीही प्रश्न विचारायला घेतले, तर आभारप्रदर्शन कधी उरकायचं?

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात. आहेत की! रजिस्टर त्यांच्या घरी जातं आणि सही होऊन परत येतं.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींसाठी केंद्राने २००९ साली महिना १००० रुपये मानधन ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. उरलेले दोन बहुधा सन्मानावर काढायचे. आज त्यांनाही गुलाब मिळणार होता, पण पाहुणे वाढले. “मावशी, तुम्ही तर घरच्याच,” असं म्हणत सरांनी त्यांना नाश्त्याच्या प्लेटा भरायला पाठवलं.