किती जीबीचं आहे?

लॅमिंग्टन रोडवर मुलाला घेऊन ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेला मराठी बाप दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो: "किती जीबीचं आहे?" दुकानदारालाही हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं. मेमरी बस किती बिटांची, हे छापलंच असेल तर अशा कोपऱ्यात, की चाळिशी लागलेल्याने तिकडे बघूच नये.

मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो. तिथे मी मुख्यतः प्रिंटरात अडकलेले कागद काढले. पण नातेवाइकांत माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. त्यामुळे भाच्याने आरटीएक्स 4060 टीआयचा 16 जीबीचा हट्ट धरल्यावर ताईने त्याला माझ्याकडे पाठवलं.

मी त्याला पंगत समजावली. (त्याचा सगळा जन्म बुफेत गेलाय. पण असो.) चिपमधले हजारो कोअर म्हणजे पानावर बसलेली मंडळी, मेमरी म्हणजे कोठीघर आणि बस म्हणजे वाढपी. कोठी श्रीखंडाने ओसंडत असली आणि वाढपी चारच असले, तर मंडळी पापड मोडत बसतात. या कार्डाची बस 128 बिटांची, म्हणजे 32 बिटांचे चार वाढपी. 8 जीबीवाल्यालाही तेवढेच. कोठी दुप्पट झाली, वाढपी एकही वाढला नाही.

"पण ते पळतात जोरात!" भाचा म्हणाला. बरोबर आहे. म्हणून गुणाकार करायचा: बिट गुणिले प्रत्येक पिनचा सेकंदाला गीगाबिट वेग, भागिले 8. 128 गुणिले 18 भागिले 8, म्हणजे सेकंदाला 288 गीगाबाइट. आता 2020 सालचं आरटीएक्स 3060 टीआय घ्या: 256 बिट, वेग 14, म्हणजे 448. नवं कार्ड 2023 सालचं, आणि वाढप मात्र जुन्याहून कितीतरी कमी!

एनव्हिडियाचं म्हणणं असं, की आम्ही पातेलं पंगतीतच आणून ठेवलंय. चिपमधली एल2 कॅश 4 मेगाबाइटवरून 32 वर नेली, म्हणजे कोठीपर्यंतच्या खेपा कमी. यात तथ्य आहे. 1080पीला नवं कार्ड बहुधा पुढेच राहतं. 4के लावलं की अख्खा गाव जेवायला येतो, पातेलं पुरत नाही, आघाडी विरघळते आणि काही गेममध्ये म्हातारंच पुढे जातं.

"मग मामा, वाढपीच वाढवायचे ना नुसते?"

तेही करून झालंय. 2007 मध्ये एएमडीने एचडी 2900 एक्सटी काढलं, चक्क 512 बिटांचं. समोर 384 बिटांचं जीफोर्स 8800 जीटीएक्स. वाढपी जास्त, वाढपही जास्त, तरी हरलं. जेवणाऱ्यांचाच हात चालेना. त्याच वर्षी एएमडीने एचडी 3870 आणलं, बस निम्मी करून 256 बिटांची, आणि कामगिरीत फारसं काही बिघडलं नाही. उरलेले वाढपी इतके दिवस नुसते उभे होते म्हणायचे.

पण माझा खरा राग जीटी 1030वर आहे. 2017 मध्ये ते जीडीडीआर5 मेमरीसह आलं, वाढप सेकंदाला 48 गीगाबाइट. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर4वालं आलं: 2 जीबी तेच, 64 बिट तेच, कोअरही 384च. वाढप मात्र 16.8. गेम जवळपास निम्म्या वेगाने चालायचे. याला बारशाचा घोटाळा म्हणतात, आणि तो एनव्हिडियाने उघड्या डोळ्यांनी केला.

तेव्हा नुसते जीबी विचारू नका, नुसते बिटही विचारू नका. गुणाकार विचारा. दुकानदाराला येत नसेल तर काउंटरवर कॅल्क्युलेटर असतोच; त्याने 18 टक्के जीएसटी लावायच्या आधी तो मिनिटभर मागून घ्या.