‘पहिल्याच ताई खऱ्या’ पक्षास अनावृत पत्र

कोल्हापूरच्या तमाम ‘पहिल्याच किशोरीताई खऱ्या’वाल्यांना सा. न. वि. वि.

आपल्या चिकाटीला तोड नाही. शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि शिवाजीचा फुटबॉल सामनासुद्धा शेवटची शिट्टी वाजली की संपतो, आपला चालूच. देवल क्लबातली मैफल ऐकून बाहेर पडायचं, चहा सांगायचा आणि सुरू: भूप-बागेश्रीच्या एलपीतल्या किशोरी आमोणकर अस्सल जयपूर-अत्रौली, पुढे आलाप लांबले, लयीचे पेच सैल झाले, घराणं बुडालं. समोरचा ‘अहो, पण भाव!’ म्हणून कळवळला की आपला हुकमी एक्का: ‘खाँसाहेबांची गायकी ऐकली असतीस, तर असं बोलला नसतास.’

एक भाबडी शंका. आपण ती कुठं ऐकलीत? घराण्याचे संस्थापक अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले आणि त्यांची एकही तबकडी कधी बाजारात आली नाही. पुरावाच नाही, म्हणून आपल्याला खोडताही येत नाही. सोय उत्तम आहे.

बरं, ती गायकी तरी कुठून आली? अमलेट्याच्या दरबारी गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाज बसला. परतला तो पूर्वीचा नव्हता. मग त्या नव्या गळ्याला पेलतील अशी वळणं त्यांनी बसवली आणि १८९५ मध्ये तीच घेऊन ते कोल्हापूर दरबारात आले. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ’ म्हणता, ते खाँसाहेबांचं नंतरचं गाणं! ‘पूर्वी काय गायचे हो!’ म्हणणारे अमलेट्यातही असणारच.

ताईंचाही आवाज मध्यंतरी गेला होता. आई मोगूबाईंमार्फत त्यांना खाँसाहेबांची तालीम मिळाली, तशी गाणं बदलण्याची खोडही मिळाली म्हणायची. लयीचे पेच सैल झाले, हे मात्र खरं. मलाही जुनी बागेश्रीच जवळची. पण माझी आवड म्हणजे घराण्याची घटना नव्हे.

विलायतेत रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडल्यावरचा पिंक फ्लॉइड बँड खरा की नकली, यावर असंच भांडतात. निदान त्यांच्याकडे दोन्ही काळांच्या तबकड्या आहेत.

तेव्हा एक ठराव आधी करा: ‘शाहू महाराजांनी दरबारी ठेवलेला गवई बदललेल्या आवाजाचा निघाला, सबब परत पाठवावा.’ तो मंजूर झाला की ताईंचं बघू.

आपला,
मागच्या रांगेतला एक श्रोता