हवाना व्हाया चौफुला

आमच्या घराण्यात कुणी कधी साधी विडीसुद्धा ओढलेली नाही. त्यामुळे तंबाखूच्या बाबतीत माझ्याइतका निःपक्षपाती माणूस मिळणं कठीण. शिरूरच्या आमच्या आळीत मला पारखी म्हणून थोडाफार मान आहे. हापूस रत्नागिरीचा की कर्नाटकचा, पैठणी हातमागाची की यंत्रमागाची, मध अस्सल की काकवी घातलेला, हे लोक मला दाखवतात आणि मी ठोकून सांगतो. माझं सांगणं बरोबर निघालं का, हे कळवायला कुणी परत येत नाही. लोकांचं समाधान होत असणार.

या लौकिकापायीच दौंडच्या साडूंचा फोन आला. साडू रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. धाकट्याचा साखरपुडा ठरलेला आणि होणारे व्याही पुण्याचे, जन्मभर व्यापारी जहाजांवर काढलेले, सिगारचे दर्दी. साडूंचा भाचा मेक्सिकोत कानकूनला फिरायला गेला होता. तिथं समुद्रकिनाऱ्यावर एका भल्या माणसाने त्याला पंचवीस क्युबन कोहिबांची पेटी निम्म्याहून कमी किमतीत दिली होती. ती व्याह्यांना द्यायचा बेत होता.

"पण खरी आहे ना, तेवढं तुम्ही बघा," साडू म्हणाले. "आपल्या अब्रूचा प्रश्न आहे."

मी अभ्यासाला लागलो. कोहिबा हा ब्रँड 1966 साली खास फिडेल कॅस्ट्रोसाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला सुरू झाला आणि 1982 साली बाजारात आला. त्याच 1966 साली आपल्या संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. विडीवाल्या आणि सिगारवाल्या एकाच कायद्याखाली! सरकारने हे दोन पदार्थ एका पंगतीला बसवलेले पाहून मला जरा वाईट वाटलं. पण सरकारला पारख कुठली असणार?

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी भिंग, फूटपट्टी आणि वही घेऊन न्हावरे, चौफुला, पाटस करत मी दौंड गाठलं. वाटेत गुऱ्हाळांचा वास सुटला होता, तो मी मुद्दाम घेतला नाही. परीक्षेच्या दिवशी नाक कोरं असावं.

पेटी टेबलावर आली आणि पहिला पुरावा तिथेच मिळाला. झाकण काचेचं होतं. आत सोनेरी-काळ्या पट्ट्या ल्यालेल्या सिगारी मांडलेल्या. "ज्याच्या मालात खोट नाही, तोच माल असा उघडा दाखवतो," असं मी वहीत लिहिलं. पेटीच्या कडेला क्युबा सरकारची हिरवी हमीपट्टी होती. ती 1912 सालापासून लावतात आणि 2010 पासून तिच्यावर होलोग्राम आणि बारकोड असतो, हे मी वाचलेलं होतं. होलोग्राम चांगला चकाकत होता. भाच्याच्या मित्रानेही त्याच किनाऱ्यावर तशीच पेटी घेतली होती. तिचा फोटो मागवला, तर दोन्ही हमीपट्ट्यांवरचा क्रमांक अगदी एकच. "एका घराण्यातल्या दिसतात," मी म्हणालो आणि साडूंनी कौतुकाने मान डोलावली.

सिगारींचे रंग मात्र जरा मिसळलेले होते. एक गव्हाळ, शेजारची काळीसावळी, तिसरी पुन्हा उजळ. हाताचं काम म्हटलं की असं व्हायचंच. यंत्राचं असतं तर सगळ्या सारख्या निघाल्या असत्या. पेटीच्या बुडाला ती भरल्याचा महिनासुद्धा छापला होता, आणि तोही स्वच्छ इंग्रजीत, कुणालाही वाचता येईल असा. आपल्याकडच्या पाकिटांवर असतं तसलं कॅन्सरचं भयंकर चित्र कुठेही नव्हतं. "निर्यातीचा माल," मी शेवटची नोंद केली आणि वही मिटली.

एवढ्यात साडूंच्या आई आल्या. त्यांचं माहेर संगमनेरचं. लग्नाआधी मांडीवर सूप घेऊन त्यांनी हजारांच्या हिशेबाने विड्या वळलेल्या. त्यांनी ना काच बघितली, ना होलोग्राम. एक सिगार उचलली, चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत दाबत नेली आणि परत ठेवली.

"पाव्हणं, हितं पोकळ हाय अन् तितं गच्च. पान अखंड न्हाई, चुरा कोंबलाय. आमच्या मुकादमानं छाटीत टाकली असती."

कारखान्यात विड्या द्यायला गेलं की मुकादम सदोष म्हणून काही बाजूला काढतो, ती छाट. तिची मजुरी मिळत नाही.

"आई, ही क्युबाची आहे," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "विडी नव्हे."

"व्हय का," म्हणून त्या मटकी निवडायला निघून गेल्या.

आता प्रश्न साठवणीचा. सिगारीला हवेत पासष्ट ते सत्तर टक्के ओलावा लागतो. दौंडात चैत्रात माणसाच्या घशात तेवढा ओलावा राहत नाही. मी पेटी माठाच्या तिवईखाली ओल्या गोणपाटावर ठेवली, वरून भिजवलेलं फडकं टाकलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ शिंपायची सूचना करून शिरूरला परतलो.

साखरपुडा साडूंच्या गच्चीवर झाला. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि व्याह्यांच्या हाती पेटी देण्याचा मान साडूंनी मला दिला. फेटा बांधलेला होता, समोर माणसं होती. मी थोडं बोललो. आमच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती, हे सांगितलं. 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर तिथे आहे आणि गावकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीला धान्याचा नैवेद्य दाखवत, हे जुन्या गॅझेटियरात छापलेलं आहे, हेही सांगितलं. परक्यातलं अस्सल ओळखण्याची आमच्या गावाची परंपरा जुनी आहे, असा त्याचा समारोप केला. मग वही उघडून सगळे पुरावे क्रमाने वाचले.

व्याह्यांनी काचेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा काचेकडे बघितलं. आतून ती घामेजली होती.

"फार प्रेमाने आणलंत," ते म्हणाले. भला माणूस, तेवढ्यावरच थांबले असते. पण मी त्यांना माझ्या पद्धतीवर अभिप्राय विचारला.

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कोहिबाला काचेचं झाकण कंपनी घालत नाही. तसलं झाकण दिसलं की पेटी उघडायचीही गरज नाही. खऱ्या पेटीत सिगारी डावीकडून उजवीकडे गडद ते फिकट अशा रंगाने लावलेल्या असतात. बुडाचा महिना स्पॅनिशमध्ये असतो, जानेवारी असेल तर 'एने'. आणि हमीपट्टीचा क्रमांक प्रत्येक पेटीला वेगळा असतो. हे शेवटचं ऐकताना साडूंनी माझ्याकडे जे बघितलं, ते त्यांनी गार्ड असताना विनातिकीट प्रवाशाकडेही बघितलं नसेल.

"कागदावर काय जाता," मी म्हणालो. "खरी परीक्षा धुराची." अडकित्त्याने एका सिगारीचं टोक उडवलं, पेटवली आणि छातीभर ओढली. सिगारीचा धूर तोंडातच खेळवायचा असतो, गिळायचा नसतो, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण वही व्याह्यांच्या हातात होती. ओली सिगार एका अंगाने जळत होती आणि दुसऱ्या अंगाने फुरफुरत होती. मला आलेला खोकला खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वर बघावं इतका होता. फेटा जिलेबीच्या ताटात गेला.

आई कात्री घेऊन आल्या. दुसरी सिगार उभी चिरून त्यांनी ताटलीत उलटी केली. भुगा, शिरा, काड्या यांचा ढीग पडला. खऱ्या हवाना सिगारीत तिच्या लांबीइतकी अख्खी पानं दुमडून भरलेली असतात, व्याही म्हणाले, आणि कोहिबा जिथे जन्मली त्या हवानातल्या एल लागितो कारखान्यात सुरुवातीला वळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या.

"मग त्यांची छाट कोन काढतं?" आईंनी विचारलं.

"तिथंही तपासनीस असतो."

"मंग सारखंच की," आई म्हणाल्या आणि त्यांनी व्याह्यांना तेंदूचं पान कसं भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कसं कापायचं, ते सांगायला घेतलं. जेवणं होईपर्यंत दोघं तिथेच बसून होते. लग्न छान जमलं. उरलेल्या सिगारी कचऱ्यात गेल्या. दौंडात मला आता 'हवाना' म्हणतात. साडू मात्र काहीच म्हणत नाहीत.

तेव्हा वाचकहो, किनाऱ्यावरचा भला माणूस निम्म्या किमतीत कोहिबा देऊ लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे चला. काचेचं झाकण दिसलं तर नमस्कारही नको. भारतातल्या दुकानातून रीतसर आयात केलेली पेटी घेतलीत, तर तिच्यावर आयातदाराचं नाव, किंमत आणि 2016 पासूनच्या नियमाप्रमाणे 85 टक्के जागा व्यापणारा चित्रासह इशारा असायलाच हवा. तो इशारा नीट बघा. खऱ्या सिगारीने होणारा कॅन्सर आणि बनावट सिगारीने होणारा कॅन्सर यांतला फरक सांगणारा पारखी अजून जन्माला आलेला नाही.