अजून उतरूंक ना मरे?

भाद्रपदातली सकाळ, पेडणे तालुक्यातला एक सडा आणि सड्यावर पालथा पडलेला मी. उजवा गाल चिखलात, डावा डोळा मिटलेला, कोपराखाली जांभ्याचा कंगोरा. समोर वीतभर अंतरावर, गवताच्या पातीवर एक खंडोबाचा किडा पुढचे पाय जोडून बसलेला. मी श्वास रोखून त्याचे डोळे टिपणार, इतक्यात मागे स्कूटर थांबली. क्षणभर शांतता. मग अनुभवी आवाजात प्रश्न आला, "अजून उतरूंक ना मरे?"

गोव्यात सकाळी सात वाजता रस्त्याकडेला पालथ्या पडलेल्या पन्नाशीच्या माणसाविषयी एकच निदान होतं आणि ते सहसा चुकत नाही. मी मान न वळवता "किडो, किडो" असं पुटपुटलो. त्याने निदान पक्कंच झालं. "किडे दिसपाक लागले? मागीर घरा वच मरे," असा कळकळीचा सल्ला देऊन स्कूटर फटफटत निघून गेली. त्या फटफटीने खंडोबाचा किडाही गेला. माझ्याकडे फोटो आला तो गवताच्या पातीचा.

अशा पाती आणि पानं मिळून माझ्या संगणकात अकरा हजार फोटो आहेत. त्यातल्या निम्म्यांत फुलपाखरू नुकतंच उडून गेलेलं आहे. बायकोने एकदा ते सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, "अहो, तुम्ही वनस्पतिशास्त्राकडे कधी वळलात?"

दोष माझा नाही, मिलिमीटरचा आहे. किडा कॅमेऱ्यात जिवाएवढाच्या जिवाएवढा उतरवायचा, तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळे साधले तर पंख धुरकट, पंख साधले तर डोळे गायब. त्यात आपण श्वास घेतो, म्हणजे आपणच चार मिलिमीटर पुढेमागे होतो. म्हणून किड्याच्या पातळीवर उतरून जमिनीला अंग टेकवायचं आणि प्राणायाम करायचा. लोक देवळात लोटांगण घालतात तेव्हा त्यांना कोणी 'उतरली का' विचारत नाही, हा अन्याय मला तेव्हापासून जाणवू लागला आहे.

डिचोलीहून मयेकडे जाताना राणी पाकोळी पुष्कळदा भेटते. मखमली काळी, मागच्या पंखांवर निळा झळाळ. महाराष्ट्राने तिला 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. तेव्हापासून ती मला मंत्र्यासारखीच भेटते. समोरून जाते, थांबते असं वाटतं, थांबत नाही. फुलातला रस पितानाही तिचे पंख फडफडतच असतात. जत्रेत एका हाताने भजी खात दुसऱ्या हाताने पोरं आवरणाऱ्या बाईला "जरा स्थिर राहा" म्हणण्यात जसा अर्थ नाही, तसाच हिलाही.

चतुर मात्र बसतो. त्याच त्याच काडीवर परत येऊन बसतो. म्हणून नवशिक्यांना आधी चतुरच धरायला सांगतात. पण मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात 30,000 पर्यंत बारीक नेत्रिका असतात, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. मी एक भिंग घेऊन त्याच्याकडे सरकत असतो, तेव्हा तो मला तीस हजारांनी मोजत असतो. माझी सुटलेली ढेरीही त्याला तितक्यांदा दिसत असेल या विचाराने मी पोट आत घेतो, कॅमेरा हलतो आणि संगणकात आणखी एक काडी जमा होते.

मोपाच्या सड्यावर पावसाळा सरताना पिवळसर चतुरांचे थवे डोक्यावर घिरट्या घालायचे. त्याच सड्यावर 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली आणि पेडण्याच्या माणसाला मांडवी न ओलांडता विमानाने मुंबई गाठता येऊ लागली. चतुरांना याचं काय कौतुक? यांच्यातली भटकी जात वाऱ्यावर स्वार होऊन भारतातून मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिकेत जाते, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं. जाऊन येऊन 14,000 ते 18,000 किलोमीटर, तेही तीन-चार पिढ्यांत मिळून. पणजोबांनी निघायचं आणि पणतूने पोचायचं. आमच्याकडच्या जमिनीच्या खटल्यांसारखंच, फक्त इथे शेवटी कोणीतरी पोचतं.

दिवसा एवढी फजिती झाल्यावर मी रात्रीकडे वळलो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग-सप्ताह पाळतात. 2012 पासूनची प्रथा आहे. पांढरा कपडा टांगायचा, त्यावर दिवा सोडायचा आणि आलेल्या पतंगांची नोंद करायची. पेडण्यातल्या मामाच्या घरामागे, काजूंच्या कडेला मी आजोबांचं जुनं धोतर टांगलं. डोक्याला दिवा, अंगावर पावसासाठी घोंगडी, हातात तिपाई. अकराच्या सुमाराला एक ॲटलास पतंग आला. पंखांचा पसारा चांगला वीतभर, रंग भाजक्या विटेचा, आणि दोन्ही पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडाचा हुबेहूब आकार. या प्राण्याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. सुरवंट असताना जे चरून घेतलं असेल त्यावर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा आणि संपायचं. सगळं आयुष्य लग्नघाईत आणि पंगतीला बसायची सोय नाही! मी हळहळलो आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत, वाकत, उठत तासभर फोटो काढत राहिलो.

सकाळी मामी चहा देताना म्हणाली, "काल राती देवचार भोंवतालो." घोंगडी पांघरलेला, हातात काठी, कपाळावर उजेड, काजूंमधून वाकत-उठत फिरणारा. गावाची सीम राखणारा देवचार असाच दिसतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाटेवरच्या दगडापाशी कुणीतरी नारळ आणि विड्यांचं बंडल ठेवूनही गेलं होतं. मी मामीला खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोणाक सांगूं नाका हां, पुता. लोकांक बरें दिसलां." विड्या मी ओढत नाही. नारळाविषयी विचारू नका.

यंदा मार्चमध्ये त्याच मामाच्या शेजारच्या काजूत शिरलो आणि हुमल्यांनी मला अंतर्बाह्य तपासलं. हे तांबडे मुंगळे सदऱ्यात शिरले की माणूस जे करतो त्याला नृत्य म्हणता येईल, कला म्हणता येणार नाही. माझा आरडाओरडा ऐकून बागायतदार धावत आला. पाहतो तर तोच स्कूटरवाला!

"मारूं नाका हां तांकां," तो आधी मुंगळ्यांच्या बाजूने बोलला. काजूच्या कोवळ्या पालवीवर पडणाऱ्या ढेकण्याला हे हुमले खातात, म्हणून तो त्यांची घरटी मोडत नाही. "तीं पानां शिंवतात तें पळयलां?" त्याने विचारलं. मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने मला एका बुटक्या रोपाकडे नेलं.

आम्ही दोघेही पालथे पडलो. दोन पानांच्या कडांमध्ये बोटभर फट होती. एका मुंगळ्याने दुसऱ्याची कंबर धरलेली, दुसऱ्याने तिसऱ्याची, अशी साखळी करून ती फट आवळली जात होती. कडा जुळल्यावर आतून एक मुंगळा आला. त्याच्या जबड्यात पांढरी अळी होती, त्यांचंच पोर. तिचं तोंड त्याने या कडेला टेकवलं, मग त्या कडेला, पुन्हा या. अळीच्या तोंडातून रेशमाचा तंतू निघत होता आणि पानं शिवली जात होती. आजी उशीच्या अभ्र्याला धावदोरा घाली, तो हात मला आठवला. कॅमेरा पोटाखाली चेंगरला होता. स्कूटरवाल्याने श्वास रोखला होता.

मागे वाटेवर पावलं थांबली. कुणीतरी हुर्राकाचा कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कितें रे दोगांय? अजून उतरूंक ना मरे?"

मी तोंड उघडणार, इतक्यात स्कूटरवाला मान न वळवता कुजबुजला, "ओगी राव मरे! पान शिंवतात ते."